आधी स्क्रीन वाचा : दोन सिस्टिमच्या कॉम्प्युटरचं बूट अडतं तेव्हा



आपल्या अंकात कविता येतात, कथा येतात, पुस्तकांची ओळख येते. कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर काय करायचं यावर लिही, असं मंडळाने मला सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी. पण गेल्या वर्षी माझ्यावर जी वेळ आली, ती आपल्यातल्या आणखी कुणावर येऊ नये म्हणून हा पाठ लिहितेय. यातलं तंत्रज्ञान मी शिकत शिकत समजून घेतलं आहे, त्यामुळे जिथे मी स्वतः अडखळले तिथे तुम्हीही अडखळाल, असं धरून चालले आहे.

विषय आत्ताच का, तेही सांगते. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती जुन्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा नसते. म्हणून आपल्यातले कितीतरी जण जुन्या लॅपटॉपवर विंडोज तसंच ठेवून शेजारी उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकतायत. एकाच कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम आणि सुरू करताना कुठली हवी ती निवडायची, याला ड्युअल बूट म्हणतात. चांगली सोय आहे. फक्त दोघी एका घरात राहिल्या की भांड्याला भांडं लागतंच.

माझ्यावर आलेली वेळ

माझा प्रोजेक्ट आजीच्या ओव्यांवर होता. आजी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहायची. सुट्टीत तिच्याजवळ बसून मी अकरा रेकॉर्डिंग केली होती, सगळी मिळून चार तासांच्या आसपास. जातं केव्हाच बंद झालेलं, पण तिला हाताने जात्याचा खुंटा धरल्यासारखं केल्याशिवाय ओवी आठवायची नाही. त्या फायली मी लॅपटॉपच्या लिनक्स बाजूला ठेवल्या होत्या, कारण ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये आवाज साफ करायचं काम तिथे चाललं होतं. मोबाईल बदलला तेव्हा मूळ फायली त्यातून काढून टाकल्या. दुसरी कॉपी कुठेच नव्हती. डिसेंबरात आजी गेली.

फेब्रुवारीत प्रोजेक्ट द्यायचा होता. विंडोजमध्ये जागा कमी पडत होती म्हणून एका रात्री मी तिथली एक रिकामी ड्राइव्ह डिलीट केली. रिकामीच तर होती, काय बिघडणार! लॅपटॉप रीस्टार्ट केला. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एवढंच आलं : 'एरर : नो सच पार्टिशन.' खाली 'एंटरिंग रेस्क्यू मोड' आणि त्याखाली 'ग्रब रेस्क्यू' असं लिहून कर्सर लुकलुकत राहिला. विंडोज नाही, लिनक्स नाही, काहीच नाही.

सकाळी बाजारातल्या एका दुकानात नेला. ते भले गृहस्थ म्हणाले, "काय टेन्शन घेऊ नका. फॉरमॅट मारून संध्याकाळपर्यंत देतो." मी जवळजवळ हो म्हणाले होते. मग म्हटलं, आत माझ्या फायली आहेत. "त्या गेल्या बघा," ते म्हणाले. मी लॅपटॉप परत पिशवीत घातला आणि कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये गेले.

लॅबमधल्या सरांनी लॅपटॉप पाहायच्या आधी मला विचारलं, "स्क्रीनवर काय लिहिलंय?"

"एरर आहे सर."

"ते कळलं. शब्दन् शब्द सांग. तू भाषेची विद्यार्थिनी ना? कविता वाचतेस तशी वाच."

मी वाचलं : असं पार्टिशन नाही. सर म्हणाले, "बघ, मशीन तुला 'फायली गेल्या' असं म्हणत नाहीये. 'मी ज्या पत्त्यावर गेलो तिथे कुणी नाही' एवढंच म्हणतंय. मग पत्ता बदलला की माणूसच गेला, हे आधी शोधूया."

या लेखात मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. कॉम्प्युटर बूट होत नाही म्हणजे आतलं सगळं गेलं, असं नव्हे. बहुतेक वेळा वाटेतली एक कडी निसटलेली असते. कुठली कडी, ते स्क्रीनच सांगते. ते वाचल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही.

'बूट' म्हणजे काय?

पायातला बूट आणि कॉम्प्युटरचं बूट यांचा खरंच संबंध आहे. बुटाच्या मागे, टाचेच्या वर, तो ओढून चढवण्यासाठी जी पट्टी असते तिला इंग्रजीत बूटस्ट्रॅप म्हणतात. स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःलाच वर उचलायचं, म्हणजे न होणारं काम करायचं, असा त्या भाषेत वाक्प्रचार आहे. कॉम्प्युटरपुढे रोज सकाळी हीच अडचण असते. डिस्कवरचा प्रोग्रॅम मेमरीत आणायला आधी मेमरीत एक प्रोग्रॅम लागतो. मग पहिला कुणी आणायचा? यावर उपाय असा, की आधी एक अगदी छोटा प्रोग्रॅम जागा होतो, तो जरा मोठ्याला उठवतो, तो त्याहून मोठ्याला.

आमच्या गावी पावसाळ्याआधी घर शाकारताना कौलं हातोहात वर जातात. अंगणातला माणूस शिडीवरच्याला देतो, तो वळचणीवरच्याला, तो आढ्यावरच्याला. वर कौल पोचलं नाही तर कुणी घर पाडत नाही. कौल कुणाच्या हातात अडलं ते बघतात. बूटचंही तसंच. यात पाच हात आहेत.

पहिला हात, फर्मवेअर. हा मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून हे नाव रूढ झालं. नव्या मशीनमध्ये यूईएफआय असतं. ते सांभाळणारा यूईएफआय फोरम २००५ साली स्थापन झाला.

दुसरा हात, बूट लोडर. लिनक्सचा बहुतेक ठिकाणी ग्रब असतो. ग्रबचं काम १९९५ मध्ये सुरू झालं. कुठली सिस्टिम हवी, हे विचारणारा मेनू तोच दाखवतो. विंडोजचा स्वतःचा वेगळा असतो, विंडोज बूट मॅनेजर.

तिसरा हात, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा. लिनक्समध्ये त्याच्यासोबत इनिट्रॅमएफएस नावाचं एक छोटं गाठोडं येतं. खरी डिस्क उघडायला लागणारी अवजारं त्यात असतात.

चौथा हात, डिस्कवरची पार्टिशन्स उघडून जागच्या जागी जोडणं. लिनक्समध्ये कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी एफएसटॅब नावाच्या फायलीत असते.

पाचवा हात, बाकीच्या सेवा सुरू होऊन लॉगिनचा पडदा येणं.

जुन्या बायोसच्या पद्धतीत दुसऱ्या हाताला फारच थोडी जागा असते. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्सना एमबीआर म्हणतात. त्यात बूटच्या प्रोग्रॅमला ४४६ बाइट, चार पार्टिशनच्या नोंदींना ६४ आणि शेवटी खुणेचे २. देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत साठवायला ३ बाइट लागतात. म्हणजे त्या ४४६ बाइटांत दीडशे देवनागरी चिन्हंही मावणार नाहीत! म्हणून ग्रब तिथे फक्त आपला पहिला तुकडा ठेवतो आणि उरलेला लिनक्सच्या पार्टिशनमधून आणतो. यूईएफआयमध्ये मात्र बूट लोडरसाठी स्वतंत्र छोटं पार्टिशन असतं, ईएफआय सिस्टिम पार्टिशन. त्यात मायक्रोसॉफ्टचं एक फोल्डर, उबुंटूचं एक फोल्डर, असे दोघे शेजारी राहतात.

आता एकेक लक्षण घेऊ. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

लक्षण १ : 'नो बूटेबल डिव्हाइस'

कौल अंगणातच अडलंय. फर्मवेअरला डिस्क दिसत नाही, किंवा डिस्क दिसते पण तिच्यावर बूट लोडर सापडत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. कॉम्प्युटर सुरू करताना एफ २ (एचपीमध्ये एफ १०) दाबून फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जा आणि डिस्कचं नाव यादीत आहे का बघा.

नाव नसेल तर दोष बहुधा हार्डवेअरचा. डिस्क नीट बसलेली नसेल किंवा खराब झाली असेल. जुन्या फिरणाऱ्या हार्ड डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी नुकसान वाढू शकतं. इथे जाणकाराकडेच जायचं.

नाव असेल तर बूटची पद्धत बदलली आहे का बघा. लेगसी आणि यूईएफआय अशा दोन पद्धती असतात. सिस्टिम ज्या पद्धतीत टाकली होती, तीच ठेवावी लागते. विंडोज यूईएफआयमध्ये आणि लिनक्स लेगसीमध्ये टाकलं असेल तर एकाच मेनूतून दोन्ही चालत नाहीत. लिनक्स टाकायच्या आधी विंडोजमध्ये 'एमएसइन्फो३२' हा प्रोग्रॅम उघडून 'बायोस मोड' समोर काय आहे ते पाहून ठेवा.

लक्षण २ : मेनू येतच नाही, थेट विंडोज उघडतं

हे सर्वांत जास्त दिसणारं आणि सर्वांत कमी गंभीर. लिनक्स जागच्या जागी आहे. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधीकधी फर्मवेअरच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर जातो, एवढंच.

कॉम्प्युटर सुरू होताना बूट मेनूची कळ दाबा. डेल आणि लेनोवोमध्ये बहुधा एफ १२, एचपीमध्ये एफ ९, असुसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. यादीत 'उबुंटू' दिसलं तर ते निवडा. लिनक्स उघडलं की काम झालं. मग फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये बूट ऑर्डरमध्ये उबुंटू वर आणा. कळ दाबायला वेळच मिळत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट धरून रीस्टार्ट करा. निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' हा पर्याय येतो, तिथूनही निवडता येतं.

लक्षण ३ : 'ग्रब' किंवा 'ग्रब रेस्क्यू' एवढंच येतं

माझं हेच झालं होतं. दोन्ही दिसायला सारखे, पण अर्थ वेगळा. नुसतं 'ग्रब' आलं तर ग्रब जागा आहे, फक्त त्याला मेनूची फाइल मिळाली नाही. 'ग्रब रेस्क्यू' आलं तर ग्रबचा पहिला तुकडाच जागा आहे, उरलेला कुठे आहे ते त्याला सापडत नाही.

माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये बायोस आणि एमबीआर होतं. एमबीआरमध्ये मुख्य पार्टिशन चारच. जास्त हवी असतील तर त्यातल्या एकाच्या पोटात आणखी करतात आणि त्यांचे नंबर ५ पासून सुरू होतात. माझी रिकामी ड्राइव्ह होती ५ नंबरची आणि लिनक्स ६ नंबरचं. मी ५ काढून टाकलं, तेव्हा मागचं लिनक्स पुढे सरकून ५ झालं. ग्रबच्या वहीत मात्र पत्ता ६ चाच होता. चाळीतली एक खोली काढून टाकली, पुढच्यांचे नंबर बदलले आणि पोस्टमन जुन्या नंबरवर जाऊन परत आला. आतला माणूस घरातच होता!

सरांनी मला स्वतः टाइप करायला लावलं.

आधी 'एलएस'. डिस्कवरची पार्टिशन्स कंसांत दिसली : एचडी०, मग एचडी० स्वल्पविराम एमएसडॉस५, मग एमएसडॉस१ वगैरे.

मग एकेक उघडून बघायचं. 'एलएस', मोकळी जागा, कंसात 'एचडी०,एमएसडॉस५', कंस बंद, आणि शेवटी तिरकी रेघ. विंडोजच्या पार्टिशनवर 'अननोन फाइलसिस्टिम' आलं. ५ वर मात्र होम, बूट, ईटीसी अशी फोल्डरची नावं ओळीने आली. 'होम' हा शब्द दिसला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मग चार ओळी :

सेट रूट = (एचडी०,एमएसडॉस५)

सेट प्रीफिक्स = (एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब

इन्समॉड नॉर्मल

नॉर्मल

बरोबरच्या चिन्हाच्या मागेपुढे जागा सोडायची नाही; इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी सोडली आहे. चौथी ओळ टाइप करून एंटर मारलं आणि नेहमीचा मेनू आला.

पण हे काम एका वेळेपुरतंच असतं. पोस्टमनला तोंडी पत्ता सांगितला, वहीत अजून जुनाच आहे. म्हणून लिनक्स उघडल्यावर टर्मिनलमध्ये 'सूडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए' आणि मग 'सूडो अपडेट-ग्रब' हे दोन्ही करावं लागतं. पहिल्या कमांडमध्ये पूर्ण डिस्कचं नाव द्यायचं, पुढे पार्टिशनचा नंबर लावायचा नाही. आपल्या डिस्कचं नाव काय आहे ते 'एलएसबीएलके' कमांड दाखवते. यूईएफआय मशीनवर पार्टिशनची नावं जीपीटी१, जीपीटी२ अशी दिसतात.

मी हे करण्याआधी सरांनी एक गोष्ट करायला लावली, ती पुढे वेगळी सांगते.

लक्षण ४ : मेनू येतो, पण लिनक्स पुढे जात नाही

ग्रबने आपलं काम केलंय, कौल आता वरच्या हातांत आहे. इथेही चार प्रकार आहेत.

काळा पडदा येऊन सगळं थांबतं. अपडेटनंतर असं झालं तर मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. उबुंटू जुना कर्नल बहुधा ठेवतं, ते याचसाठी. तरीही काळाच पडदा येत असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडला असू शकतो. मेनूत उबुंटूच्या ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द जोडा आणि एफ १० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरता असतो, त्यामुळे करून बघायला धोका नाही.

'इनिट्रॅमएफएस' असं कंसात येऊन थांबतं. बहुतेकदा लाइट जाऊन किंवा बटण दाबून बंद केल्यामुळे पार्टिशनच्या नोंदींत गोंधळ झालेला असतो. कुठल्या पार्टिशनला दुरुस्ती हवी ते वरच्या ओळींत लिहिलेलं असतं. 'एफएससीके' आणि पुढे त्या पार्टिशनचं नाव दिलं की दुरुस्ती सुरू होते. चालू असलेल्या, उघडलेल्या पार्टिशनवर मात्र ही कमांड कधीही वापरायची नाही.

'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' असं येऊन दीड मिनिट मोजलं जातं आणि मग 'इमर्जन्सी मोड' येतो. एफएसटॅबच्या यादीत असं एखादं पार्टिशन आहे, जे आता नाही. विंडोजची ड्राइव्ह फॉरमॅट केली की तिची ओळख बदलते आणि असं होतं. यादीतल्या त्या ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह लावलं की लिनक्स ती ओळ सोडून देतं.

लॉगिनचा पासवर्ड घेतं आणि पुन्हा लॉगिनवरच येतं. डिस्क गच्च भरली असेल तर असं होतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ दाबून अक्षरांच्या पडद्यावर जा, 'डीएफ -एच' ने जागा बघा, नको ते काढा.

लक्षण ५ : लिनक्स चालतं, पण विंडोज नाही

मेनूत विंडोजचं नावच नसेल तर घाबरू नका. दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर हा प्रोग्रॅम ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेला असतो. ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्टमधली 'ग्रब' ही फाइल उघडून त्यात 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ घाला आणि 'सूडो अपडेट-ग्रब' करा.

नाव आहे, पण निवडल्यावर निळा पडदा येतो, तर दोष विंडोजच्या बाजूचा. विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून 'स्टार्टअप रिपेअर' करून बघा. एक सावधगिरी : एमबीआरच्या मशीनवर 'बूटरेक /फिक्सएमबीआर' ही विंडोजची कमांड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतला ग्रबचा तुकडा पुसून विंडोजचा लिहिते. विंडोज सुरू होईल, पण मेनू जाईल. तो ग्रब पुन्हा टाकून परत आणता येतो, पण काय होणार ते माहीत असलेलं बरं.

सिक्युअर बूट आणि बिटलॉकर

सिक्युअर बूट म्हणजे सही नसलेल्या बूट लोडरला फर्मवेअरने आत न घेणं. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या, असुरक्षित ठरलेल्या लिनक्स बूट लोडरना बंदी घातली. ड्युअल बूट मशीनना ती लागू होणार नव्हती, पण कित्येकांना झाली आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येऊन त्यांचं लिनक्स थांबलं. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये जायचं, सगळं अपडेट करायचं आणि ते पुन्हा चालू करायचं.

मात्र त्याआधी एक गोष्ट. नव्या लॅपटॉपवर विंडोजची डिस्क बऱ्याचदा बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि ते आपल्याला माहीतही नसतं. फर्मवेअरमध्ये बदल केला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर आतलं उघडत नाही; इथे कुणाचीच हुशारी चालत नाही. ती की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. ती आजच काढून वहीत लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये नको!

दुरुस्तीच्या आधी फायली

आता सरांनी करायला लावलेली ती गोष्ट. 'होम' दिसल्यावर मी लगेच पुढच्या ओळी टाइप करायला निघाले होते. सर म्हणाले, "थांब. आधी फायली बाहेर काढ. दुरुस्ती चुकली तरी चालेल, असं झाल्यावरच दुरुस्ती करायची."

त्यांनी लाइव्ह पेनड्राइव्ह लावला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूची फाइल डाउनलोड करून रूफससारख्या प्रोग्रॅमने ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर चढवली, की तो तयार होतो. लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा आणि 'ट्राय उबुंटू' निवडायचं, 'इन्स्टॉल' नाही. डिस्कवर काहीही न लिहिता उबुंटू चालू होतं. मग फाइल्समध्ये आपलं पार्टिशन उघडायचं, होममधल्या आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये जायचं आणि हवं ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं. आजीची अकरा रेकॉर्डिंग कॉपी व्हायला काही मिनिटं लागली. ती वाजवून बघितल्यावरच सरांनी मला ग्रबच्या पडद्याकडे परत जाऊ दिलं.

पुन्हा होऊ नये म्हणून

विंडोजची पार्टिशन लहान-मोठी करायची तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून करा आणि लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्हवरच्या जीपार्टेडमधून. कुठलंही पार्टिशन, रिकामं असलं तरी, काढायच्या आधी त्याच्यामागे कोण आहे ते बघा.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोज ८ पासून ही सोय आहे. त्यात 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवतं. मग लिनक्समधून विंडोजची ड्राइव्ह फक्त वाचता येते, किंवा उघडतच नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांच्या सेटिंगमध्ये ती खूण काढता येते.

लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर तो बिघाड नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तेवढाच फरक. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' केलं की दोघांचं जुळतं.

एरर आली की मोबाईलवर फोटो काढा. घाईत मशीन बंद केलं की आपल्याला शब्द आठवत नाहीत आणि दुसऱ्याला सांगताना 'काहीतरी इंग्रजीत आलं होतं' एवढंच उरतं.

आणि कॉपी ठेवा. दोन सिस्टिम असल्या तरी डिस्क एकच असते. विंडोज बाजूला एक आणि लिनक्स बाजूला एक अशा दोन कॉपी म्हणजे एकाच पेटीत ठेवलेल्या दोन चिठ्ठ्या. एक कॉपी लॅपटॉपबाहेरच्या डिस्कवर आणि एक ऑनलाइन किंवा दुसऱ्या घरी, असं असेल तरच झोप नीट लागते. आजीची रेकॉर्डिंग आता माझ्याकडे, गावी काकांकडे आणि विभागाच्या कॉम्प्युटरवर, अशी तीन ठिकाणी आहेत.

दुकानातल्या त्या गृहस्थांवर माझा राग नाही. दिवसाला कितीतरी मशीन येत असतील आणि फॉरमॅटने बहुतेकांचं काम भागतही असेल. पण त्यांना माझ्या डिस्कवर काय होतं ते माहीत नव्हतं आणि मला ते नीट सांगता आलं नव्हतं. उद्या दुरुस्तीला नेलंत तर पहिलं वाक्य हेच सांगा : "आत फायली आहेत. फॉरमॅट करू नका. आधी कॉपी काढायची आहे."

मंडळाच्या कपाटात एक लाइव्ह पेनड्राइव्ह ठेवला आहे, त्यावर निळी चिकटपट्टी आहे. कुणाचं मशीन अडलं तर घेऊन जा, काम झालं की परत आणून ठेवा. आणि येताना स्क्रीनचा फोटो घेऊन या. आपण दोघी-तिघी बसून आधी तो वाचू.